एकट्याच्या पत्राचा संसार

पहिला अंक कुणाचाही निघतो. एखादा मामा कागदाचे पैसे देतो, चार मित्र वर्गणी भरतात, आणि ‘संपादक’ म्हणून आपले नाव छापलेले पाहून माणूस दोन दिवस जमिनीवर नसतो. आम्ही छापखानेवाले त्या अंकावरून काही ठरवत नसू. आमचे लक्ष पाचव्या अंकाकडे. तोवर मामाचे पैसे संपलेले असतात, मित्रांचे कौतुक ओसरलेले असते, आणि मजकूर देणारे बाकीचे गळून एकटा संपादक उरलेला असतो. पनवेलच्या टपाल नाक्याजवळ माझे ट्रेडल मशीन होते. लग्नपत्रिका, बिलबुके, ग्रामपंचायतींच्या पावत्या आणि निवडणुकीची हस्तपत्रके यांवर घर चालले. अधूनमधून स्वतःचे पत्र काढायचे म्हणून कुणीतरी वही घेऊन पायरी चढायचा. त्यांतले बहुतेक पाचव्या अंकाच्या आतच थांबले. एकाची उधारी माझ्या खतावणीत अजून उभी आहे. माणूस भला होता, नाव कशाला घ्या.

त्यामुळे केशव सीताराम ठाकरे यांचे ‘प्रबोधन’ मी आधी छापखान्याच्या बाजूने वाचतो. ठाकरे आमच्या पनवेलचे, जन्म १७ सप्टेंबर १८८५. त्यांचे विचार जहाल होते हे सगळेच सांगतात. पण जहाल विचारांची माणसे त्या काळात गल्लोगल्ली होती. स्वतःचे पत्र काढून ते वर्षानुवर्षे चालवणे थोड्यांनाच जमले. त्यांना ते कसे जमले, हा माझा प्रश्न.

आमच्या जुन्या कुलाबा जिल्ह्याला या धंद्याची परंपरा आहे. भाऊ महाजन, म्हणजे गोविंद विठ्ठल कुंटे, पेणचे. त्यांनी २४ ऑक्टोबर १८४१ ला मुंबईत ‘प्रभाकर’ साप्ताहिक काढले. लोकहितवादींची शतपत्रे १८४८ पासून त्यातच छापली गेली. ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे महाडचे. आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘बहिष्कृत भारत’ निघाले मुंबईत, ३ एप्रिल १९२७ ला; पण त्याआधी बरोबर चौदा दिवस, २० मार्चला, महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले त्याची धग त्या अंकांत आहे. बाबासाहेब त्या पत्राचे रकानेच्या रकाने एकटे लिहून काढत. पेण, महाड, पनवेल या गावांनी माणसे दिली, विषय दिले. पत्रे मात्र निघाली मुंबईत नाहीतर पुण्यात.

याचे कारण छापखान्यात शिरल्यावर कळते. देवनागरीची जुळणी रोमन लिपीसारखी सव्वीस अक्षरांत आटोपत नाही. काना, मात्रा, रफार, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे धरली तर केसमधल्या खणांची संख्या शेकड्यांत जाते, आणि प्रत्येक खणात पुरेसे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे, हवेत. छोट्या गावातल्या छापखान्याकडे दोन फर्म्यांपुरतेही खिळे नसत. एक फर्मा, म्हणजे एका वेळी छापायच्या पानांचा संच, जुळवायचा, छापायचा, मग तेच खिळे आपापल्या खणांत परत टाकून पुढचा जुळवायचा. संपादकाने एक पान अडवले की सगळे खिळे अडकले आणि लग्नपत्रिकेचे गिऱ्हाईक दाराशी खोळंबले. असे दोनदा झाले की छापखानेवाला तोंडावर काही बोलत नाही, पत्राचे काम मात्र गुपचूप मागे ढकलतो. पाक्षिक मग महिन्याने निघू लागते, आणि उशिरा येणाऱ्या पत्राची वर्गणी दुसऱ्या वर्षी कुणी भरत नाही.

शहाण्या संपादकांनी ही मेख ओळखली होती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जानेवारी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली, तेव्हा ते सरकारी शाळेत शिक्षक होते. एका माणसाने जवळजवळ सगळे स्वतः लिहिलेले मासिक, असे ८४ अंक. आजही कुणी एकट्याने पत्र काढायचे म्हटले तर आधी या ८४ अंकांकडे बघावे. पण शास्त्रीबुवा नुसते लिहीत बसले नाहीत. त्यांनी चित्रशाळा काढली, आर्यभूषण छापखाना उभा केला. आंबेडकरांनीही पुढे स्वतःचे भारतभूषण मुद्रणालय उभे केले. त्यामागे कारण होते. १९२० साली ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता.

आता ठाकऱ्यांकडे येतो. त्यांच्या लहानपणीचे पनवेल म्हणजे बंदराचे गाव. रेल्वे नव्हती. मुंबईचा माल खाडीने यायचा आणि पुण्याकडे जाणारा रस्ता गावातून खोपोलीकडे निघायचा. नगरपालिका मात्र १८५२ पासूनची. घरात आजी होती, तिला सगळे ‘बय’ म्हणत. ती बाळंतपणाला कुणाच्याही घरी जाई, जात विचारत नसे. जातीची चीड नातवात कुठून आली, हे शोधायला फार लांब जावे लागत नाही.

लेखनाचे गुरू त्यांना मिळाले ते ‘केरळकोकिळ’चे कृष्णाजी नारायण आठल्ये. हे मासिक १८८६ सालचे. संपादक कोचीनला आणि वाचक इकडे महाराष्ट्रात, असा तो कारभार. नोकरीनिमित्त मुलखाबाहेर पडलेला माणूस टपालाच्या भरवशावर मराठी मासिक चालवतो, हे त्या काळात लहान धाडस नव्हते. पण टपालाची सोय झालेली होती. १८७७ पासून व्ही. पी. सुरू होती. अंक दारात आला की पोस्टमनच्या हातात पैसे द्यायचे, तेच पैसे फिरून संपादकाकडे येणार. व्ही. पी. नसती तर एकट्याने चालवलेली निम्मी पत्रे निघालीच नसती, असे मला वाटते. तिच्यापायी बुडालेलेही पुष्कळ. ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारलेली पाकिटे परत आली की छपाई, कागद आणि टपालखर्च असा तिहेरी फटका बसे.

शाळकरी वयातच ठाकऱ्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचे छोटे पत्र काढून पाहिले होते. पनवेल, कल्याण, बारामती, देवास अशी शाळा फिरत गेली, आणि परीक्षेच्या फीला पैसे कमी पडल्याने मॅट्रिक राहून गेली. पुढे त्यांनी काय काय केले? पाट्या रंगवल्या, रबरी शिक्के केले, फोटो काढले, विमा विकला, नाटक कंपन्यांबरोबर हिंडले, मुंबईत सरकारच्या बांधकाम खात्यात कारकुनी केली. चरित्रकार ही यादी हलाखीची म्हणून देतात. मला ती उमेदवारी वाटते. पाटी रंगवणाऱ्याला चार शब्दांत रस्त्यावरचा माणूस थांबवावा लागतो. विमा विकणाऱ्याला नकार ऐकूनही पुन्हा दार वाजवावे लागते. नाटकवाल्याला पल्लेदार वाक्य कुठे तोडायचे ते कळते. आणि रेकॉर्ड सांभाळणारा कारकून कागद शोधून पुराव्यासकट भांडतो. ‘प्रबोधन’चा कुठलाही लेख काढा, हे चारही धंदे त्यात सापडतील.

‘प्रबोधन’ पाक्षिक १६ ऑक्टोबर १९२१ ला दादरहून निघाले. तोवर ठाकरे नवखे राहिले नव्हते. इतिहासाचार्य राजवाड्यांना उत्तर देणारे ‘कोदंडाचा टणत्कार’ १९१८ मध्येच येऊन गाजले होते, वक्तृत्वावरचे पुस्तकही आले होते. म्हणजे वाचक आधी जमवला, पत्र मागाहून काढले. शिवाय नोकरी लगेच सोडली नाही. सरकारी नोकराला स्वतःचे पत्र काढायचे तर खास परवानगी लागे, ती त्यांनी मिळवली आणि सुरुवात पगाराच्या आधारावर केली. नोकरी सुटली ती पुढे. माझ्या पायऱ्या चढलेल्या हौशी संपादकांचा क्रम नेमका उलटा असे. नोकरीचा राजीनामा आधी, वाचकाचा शोध नंतर.

पुढचा इतिहास मुक्काम हलवण्याचा आहे. ज्यांच्या लोखंडी नांगरांनी महाराष्ट्राची शेते नांगरली आणि जे १९३७ मध्ये थोडे महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले, त्या धनजीशा कूपर यांनी ठाकऱ्यांना सातारारोडला बोलावले. ‘प्रबोधन’ छापखान्यासह तिकडे गेले. ते जमले नाही, मग बिऱ्हाड पुण्यात. छापखाना हलवणे काय असते ते मी सांगतो. मशीन सुटे करून हलवता येते, कुठल्याही मिस्त्रीला ते जमते. केस उचलताना खण सांडले, खिळे एकमेकांत मिसळले, की महिनाभर तुम्ही फक्त अक्षरे निवडत बसता. आणि खिळ्यांहून अवघड असतात वर्गणीदार. पत्ता बदलला, अंक दोन पंधरवडे आला नाही, की अर्धे लोक पत्र बंद पडले असेच धरून चालतात. पाक्षिकाचे मासिक झाले, मध्ये खंड पडले, पुन्हा उभे राहिले. १९२० च्या दशकाच्या शेवटापर्यंत ते असे तगले. एका माणसाच्या अंगावरचे पत्र तीन गावे बदलून टिकते, हे आमच्या धंद्यात नवलच.

विरोधही तसाच. पुण्यात त्यांच्या दारात मेलेले गाढव आणून टाकले गेले, जिवंतपणी त्यांची अंत्ययात्रा काढली गेली. गाढव ठाकऱ्यांनीही वापरले होते. हुंडा घेणाऱ्यांच्या लग्नावर त्यांचे तरुण गाढवांची वरात नेत, आणि त्याची चर्चा गावभर होई. त्यातली धंद्याची बाजू मला दिसते. पत्रात छापलेले मत जेव्हा रस्त्यावर काहीतरी करते, तेव्हा पुढचा अंक लोक शोधून वाचतात. शिव्या देणारासुद्धा अंक विकतच घेतो, निदान शेजाऱ्याचा मागून तरी वाचतो.

छापखान्याची एक जुनी युक्तीही ठाकऱ्यांच्या कामात दिसते. सर्वांत मोठा खर्च जुळणीचा असतो. एकदा जुळलेला मजकूर अंकात छापून संपला, तर तो खर्च एका पंधरवड्यात जिरला. त्याचीच पुस्तिका निघाली की लेख वर्षानुवर्षे विकत राहतो. ‘देवळांचा धर्म आणि धर्माची देवळे’ आजही छापले जाते, विकले जाते. अंकाचे आयुष्य पंधरा दिवसांचे, पुस्तिकेचे शंभर वर्षांचे. एकट्याच्या पत्राला फायदा होत असेल तर तो इथेच.

मग पत्र यशस्वी कशाला म्हणायचे? किती वर्षे चालले यावर ठरवता येत नाही. ‘निबंधमाला’ चालवणारे शास्त्रीबुवा १८८२ मध्ये बत्तिशी गाठायच्या आत वारले. परांजपे यांचा ‘काळ’ २५ मार्च १८९८ ला निघाला. १९०८ मध्ये त्यांना राजद्रोहाखाली एकोणीस महिन्यांची सक्तमजुरी झाली आणि १९१० मध्ये सरकारने जामीन मागून पत्रच बंद पाडले. ‘प्रबोधन’ला सरकारने मारले नाही, हिशेबाने दमवले. तरी तिन्ही पत्रे लोक विसरले नाहीत. पुढे १९६० मध्ये ठाकऱ्यांच्या मुलांनी साप्ताहिक काढले, तेव्हा ‘मार्मिक’ हे नाव वडिलांनीच सुचवले. आणि १९७३ मध्ये, ते वारले त्याच वर्षी, ‘माझी जीवनगाथा’ आली. पनवेलच्या त्यांच्या लहानपणाची ओळख मला त्या पुस्तकातूनच झाली.

पण यशाची माझी परीक्षा वेगळी आहे, आणि ती छापखान्यातच शिकलेली. ज्याच्या पैशावर पत्र चालते त्याच्याविरुद्ध मजकूर आला की संपादकाचा हात थबकतो. प्रूफ परत जाते, एक ओळ काढली जाते, मग एक परिच्छेद. असे सुधारलेले प्रूफ मी पुष्कळ पाहिले आहेत. राजर्षी शाहू महाराज ठाकऱ्यांचे मोठे पाठीराखे होते. ब्राह्मणेतर चळवळीत त्यांच्याहून मोठा आधार नव्हता. कोल्हापुरात अंबाबाईच्या गाभाऱ्यात शिरून पूजा करणाऱ्या मराठा तरुणांवर दरबारने कारवाई केली, तेव्हा ‘प्रबोधन’मध्ये ‘अंबाबाईचा नायटा’ हा लेख आला, आणि त्यात महाराजांनाही सोडले नव्हते. पत्र तेव्हा अगदी कोवळे होते. ‘प्रबोधन’ निघाले ऑक्टोबर १९२१ ला, महाराज वारले मे १९२२ मध्ये. म्हणजे पहिल्याच वर्षात, हात पसरून मदत मागायच्या दिवसांत, ठाकऱ्यांनी सर्वांत मोठ्या पाठीराख्यावर लेखणी चालवली.

एकट्याने पत्र काढू पाहणारी पोरे अजून भेटतात. आता खिळे नाहीत, ट्रेडल नाही, सगळे घरबसल्या होते. मला विचारतात, काका, चालेल का? मी त्यांना आधी पोटापाण्याचे विचारतो, मग लेखनाचे. शेवटी विचारतो, तुला पैसे देणाऱ्याविरुद्ध उद्या लिहायची वेळ आली तर लिहिशील का? बहुतेक जण हसून विषय बदलतात. कुणी जरा वेळ विचार करून ‘लिहीन’ म्हणाला, तर त्याला मी वर्गणी आगाऊ देतो, दोन वर्षांची.