काळ्या शाईंतलें शहर

शहराची मनोवस्था चित्रांत आणावयाची म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें इमारती, बाजार, घाट आणि दिवे उभे राहतात. ज्या चित्रांविषयीं मला आज बोलावयाचें आहे, त्यांत यांपैकीं जवळजवळ कांहींच नाहीं. आणि तरीही १९४३ सालचें कलकत्ता शहर त्यांत जसें सांपडतें, तसें इतरत्र क्वचितच सांपडेल. तीं चित्रें जैनुल आबेदीन यांचीं.

त्या वर्षीं बंगालमध्यें भीषण दुष्काळ पडला. १९४२ मध्यें ब्रह्मदेश जपानच्या हातीं गेल्यानें तेथील तांदूळ बंद झाला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत मिदनापूरकडील पिकें चक्रीवादळानें बुडविलीं. युद्धकाळांतील साठेबाजीनें व भाववाढीनें उरलेलें धान्य गरिबांच्या आवाक्याबाहेर गेलें. कलकत्त्यांतील कारखान्यांच्या व कचेऱ्यांच्या नोकरवर्गासाठीं मात्र स्वस्त धान्याची तरतूद होती. म्हणून भात पिकविणारा खेडूतच या शहराच्या फुटपाथवर येऊन दारोदार ‘फॅन’, म्हणजे भाताची पेज, मागूं लागला. भात मागण्याची आशा त्यानें केव्हांच सोडली होती. या दुष्काळांत सुमारें ३० लक्ष माणसें दगावलीं, असा पुढील कित्येक अभ्यासकांचा अंदाज आहे.

जैनुल तेव्हां अवघे २८ वर्षांचे. कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेंत शिक्षक. ब्रह्मपुत्रेच्या जलरंगांतील चित्रांबद्दल १९३८ मध्यें त्यांना सुवर्णपदक मिळालें होतें. आतां त्यांनीं रंग बाजूस ठेवले, आणि हलका, स्वस्त कागद व काळी शाई जवळ केली. कुंचला ओला असला कीं शाई पसरून मऊ छाया पडते. तो कोरडा असला कीं रेघ खरखरीत होते, मध्येंच तुटते. ही कोरडी रेघच त्यांनीं अधिक वापरली. बरगड्या, गुडघे, रिकामें भांडें, आईला बिलगलेलें मूल, सारें थोडक्या फटकाऱ्यांत उभें राहिलें. १९४४ मध्यें इला सेन यांच्या ‘डार्कनिंग डेज’ या पुस्तकांत त्यांचीं दुष्काळचित्रें छापलीं गेलीं.

या आकृत्यांच्या भोंवतीं काय आहे? कोठें कचऱ्याची पेटी, कोठें कुत्रा, कोठें कावळे; बाकी कोरा कागद. मला तो कोरेपणाच सर्वांत बोलका वाटतो. शहर कांहीं ओस पडलें नव्हतें. ट्रामगाड्या धांवत होत्या, कचेऱ्या भरत होत्या, आणि पडलेल्या माणसाला वळसा घालून लोक पुढें जात होते. त्या जाणाऱ्यांना चित्रकारानें रेखाटलेंच नाहीं. त्यांची जागा त्यानें मोकळी ठेवली. आणि आज चित्रापुढें आपण उभे राहतों, ते नेमके त्याच जागेवर.