अक्षयनीवी आणि विद्यार्थिवेतन

नाणेघाटाच्या लेण्यांत सातवाहन राणी नागनिकेच्या यज्ञांचा लेख आहे. त्यांत दक्षिणेची मोजदाद आहे: गायी, घोडे, हत्ती, कार्षापण, गायींचा आंकडा तर हजारांत जातो. हें दान थोर खरें, पण तें यज्ञाबरोबर संपलें. त्याच जुन्नर प्रांतांतील लेण्यांत दुसऱ्या जातीचें दान दिसतें. वेळूकाम करणाऱ्यांच्या व कांसारांच्या श्रेणींकडे ठेवी ठेविल्याचे लेख तेथें आहेत. अशा ठेवीचा हिशेब नाशिकच्या उषवदाताच्या लेखांत अधिक स्पष्ट आहे. त्यानें ३००० कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेविले. २००० वर दरमहा शेंकडा १ व १००० वर शेंकडा पाऊण व्याज. मुद्दल परत मागावयाचें नाहीं. पहिल्या रकमेचें वर्षाचें व्याज २४० होतें. त्यांतून २० भिक्षूंस प्रत्येकीं १२ कार्षापण वस्त्रांसाठीं मिळत. या ठेवीस अक्षयनीवी म्हणत. आंकडे इतके चोख जुळतात कीं, दात्याजवळ औदार्याइतकाच हिशेबही होता, असें आम्हांस वाटतें.

पुढें श्रावणमासांतील दक्षिणा तळेगांवच्या दाभाड्यांकडून पेशव्यांकडे पुण्यास आली. तिच्या मुळाशीं विद्येचा मान होता, परंतु ती ब्राह्मणांपुरतीच होती. उत्तर पेशवाईंत तर ती विद्वान् व अविद्वान् यांत फारसा भेद करीनाशी झाली. एल्फिन्स्टननें तिचा कांहीं भाग वळवून १८२१ मध्यें पुण्यास संस्कृत पाठशाळा काढिली. १८४९ मध्यें लोकहितवादी व त्यांच्या मित्रांनीं मराठी ग्रंथांसही त्या पैशांतून उत्तेजन मिळावें म्हणून अर्ज केला, तेव्हां पुण्यांत मोठा क्षोभ झाला. ज्या पैशाकडे लोक हक्क म्हणून पाहूं लागतात, त्याची वांटणी बदलणें कधींच सोपें नसतें! याच निधीच्या फेलोशिपांवर पुढें न्यायमूर्ति रानडे व भांडारकर शिकले-शिकविते झाले.

दार खऱ्या अर्थानें उघडलें तें उशिरां. अनुसूचित जातींसाठीं माध्यमिकोत्तर शिष्यवृत्ति १९४४ मध्यें सुरू झाली व लवकरच ती आदिवासींसही लागू झाली. आज जुन्नर व आंबेगांव यांच्या पश्चिम डोंगरांतील महादेव कोळी मुलांचा या बाबतींतील संबंध घोडेगांवच्या आदिवासी विकास प्रकल्पाच्या कचेरीशीं येतो. वसतिगृहांत जागा न मिळालेल्यांस २०१६ पासून ‘स्वयं’ योजनेनें जेवण व निवास यांसाठीं रोख रक्कम देण्याची सोय केली आहे.

येथें आम्हांस पुनः त्या श्रेणींची आठवण होते. तेथील व्याज महिन्याच्या मापानें ठरलेलें होतें. महाविद्यालयाची फी सत्रारंभीं, खाणावळीचे पैसे महिन्याच्या महिन्यास द्यावे लागतात. शिष्यवृत्ति मात्र मंजुरीनंतर खात्यावर जमा होते. मधल्या दिवसांत भीमाशंकराच्या पायथ्याकडील बाप उसनवारीवर मुलाला शहरांत ठेवितो किंवा घरीं बोलावितो.