भट्टीचा वारसा : गोव्यातील पदेर कुटुंबे आणि व्यवसायाचे पिढीगत संक्रमण

प्रस्तावना :
कौटुंबिक व्यवसायाची वाढ म्हणजे भांडवल, जागा व उत्पादन यांची वाढ, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. गोव्यात पाव भाजणाऱ्या पदेर कुटुंबांचा इतिहास या समजुतीला छेद देतो. येथे एक भट्टी मोठी होत गेली नाही. भट्ट्यांची संख्या वाढत गेली. या वाढीची कारणे व मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा शहर जिंकले. १५४२ पासून तेथे जेझुइट धर्मगुरूंचे कार्य सुरू झाले. सासष्टीतील, विशेषतः माजोर्डे परिसरातील ख्रिस्ती कुटुंबांनी त्यांच्याकडून पाव भाजण्याची विद्या घेतली, अशी परंपरा सांगितली जाते. यीस्टच्या अभावी माडाची सूर हेच खमीर ठरले. परिणामी पदेराचा व्यवसाय सूर काढणाऱ्या रेंदेराच्या व्यवसायाशी जोडला गेला. मराठीतील ‘पाव’ हा शब्दही पोर्तुगीज भाषेतूनच आला आहे.

भट्टीची मर्यादा :
लाकडावर तापणाऱ्या घुमटाकार भट्टीत रात्री काम चाले आणि दिवस उजाडताच पाव, पोयी, उंडे घरोघर पोहोचत. पदेर प्रथम पायी व पुढे सायकलवरून फिरे. पाव ताजा असेपर्यंत जेवढी घरे गाठता येतील, तेवढीच एका भट्टीची बाजारपेठ असे. अशा भट्टीवर अनेक भावंडांचे संसार चालणे कठीण होते. साहजिकच पुढच्या पिढीला नवे गाव शोधावे लागे. मुंबईच्या बेकरी व्यवसायात गोवेकरांनी स्थान मिळविले, त्यामागेही स्थलांतराची हीच वाट होती.

वारसा हक्क :
१८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. तिच्यातील वारसाविषयक व्यवस्था १९६१ च्या गोवा मुक्तीनंतरही टिकली. २०१२ च्या गोवा वारसा कायद्यानेही तिचा गाभा राखला. मुलगे व मुली यांचा हक्क समान असून, निम्म्या मालमत्तेचा हिस्सा इच्छापत्रानेही त्यांच्यापासून काढून घेता येत नाही. भट्टीचे मात्र तुकडे करता येत नाहीत. जो वारस ती ठेवतो, त्याला इतरांच्या हिश्शाची भरपाई करावी लागते. समन्यायी असलेली ही व्यवस्था भांडवल एका हाती साचू देत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे.

मुक्तीनंतरचे परिवर्तन :
शिक्षण, आखाती देशांतील नोकऱ्या आणि पोर्तुगीज नागरिकत्वाद्वारे युरोपात जाण्याची संधी यांमुळे अनेक पदेर कुटुंबांतील तरुण रात्रपाळीच्या या कष्टांपासून दूर गेले. बऱ्याच भट्ट्या परप्रांतीय कारागिरांना भाड्याने दिल्या गेल्या. सुरेची जागा तयार यीस्टने घेतली.

निष्कर्ष :
पदेराच्या वारशाचे दोन भाग आहेत : भट्टीची मालकी आणि हाताचे कसब. मालकीची वाटणी कायदा करू शकतो. कसब मात्र भट्टीसमोर रात्री काढणाऱ्यालाच मिळते. पूर्वी हे दोन्ही एकाच घरात नांदत होते, आता त्यांची फारकत होत आहे. म्हणूनच पदेर परंपरेचे जतन करताना केवळ जुन्या घराण्यांचा गौरव पुरेसा नाही. भाड्याच्या भट्टीत पहाटेपर्यंत राबणाऱ्या कारागिराला या इतिहासाचा वारस मानावयाचे की नाही, या प्रश्नाच्या उत्तरावरच गोव्याच्या पावाचे भवितव्य अवलंबून आहे.