मरणारा किती देऊ शकतो? गोव्याच्या वारसा-कायद्याची दीडशे वर्षं

१८७०च्या पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर दोन महिन्यांच्या अंतराने दोन कायदे अमलात आले. १ जुलैला गोव्यात पोर्तुगालची नागरी संहिता लागू झाली आणि १ सप्टेंबरपासून मुंबई शहरात ‘हिंदू विल्स ॲक्ट’. माणूस गेला की त्याच्या घरादाराचं काय करायचं, याची दोन शेजारी बंदरांनी दिलेली उत्तरं एकमेकांच्या अगदी उलट होती.

मृत्युपत्र ही धर्मशास्त्राच्या ओळखीची गोष्ट नव्हती. कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारातल्या विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरे’त वडिलोपार्जित मालमत्तेवर मुलाचा हक्क जन्मतःच मानला. मग बापाने कागदावर लिहून द्यायचं ते काय? इंग्रजी अमलात मात्र हिंदूही मृत्युपत्रं करू लागले आणि कोर्टं ती मान्य करू लागली. १८७०च्या कायद्याने मुंबईत त्यांना लेखी रूपाची आणि साक्षीदारांची शिस्त लावली. मुंबईबाहेर, पुण्या-साताऱ्यात, हिंदूचं तोंडी मृत्युपत्रही चालत असे. ती सोय १ जानेवारी १९२७पासून बंद झाली. स्वकष्टाची सगळी कमाई मुलांना डावलून पुतण्याला, देवळाला किंवा शाळेला देण्याची मुभा मात्र कायम राहिली.

गोव्यात बापाचे हात बांधलेले होते.

आन्तोनियु लुईश द सिआब्रा या कायदेपंडिताने रचलेली ही संहिता पोर्तुगालमध्ये १८६७ साली मंजूर झाली आणि १८६९च्या फर्मानाने वसाहतींपर्यंत पोहोचली. तिचा हिशेब लग्नापासून सुरू होतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता सामाईक होते, मग ती माहेरची असो वा सासरची. नवरा वारला तर आधी बायकोचा अर्धा भाग बाजूला निघतो. तो तिला वारसा म्हणून मिळत नाही, तो तिचाच असतो. उरलेल्या अर्ध्याचेही दोन भाग होतात. एक भाग मुलांसाठी राखीव, त्याला ‘लेजितिमा’ म्हणतात. मृत्युपत्राने देता येतो तो फक्त दुसरा भाग. समजा, जोडप्याची इस्टेट ऐंशी लाखांची आहे. चाळीस बायकोचे, वीस मुलांना द्यावेच लागणार, आणि नवऱ्याच्या मर्जीचे उरले वीस. मुलाला वारसाहक्कातून बेदखल करता येतं, पण त्यासाठी कायद्यातच मोजकी कारणं लिहिलेली आहेत. नुसता राग त्यात बसत नाही.

मुलगा आणि मुलगी यांच्यात संहिता फरक करत नाही. महाराष्ट्रात एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हिस्सा मिळायला १९९४ साल उजाडलं. देशभर तो २००५च्या दुरुस्तीने आला आणि त्यातला उरलासुरला गोंधळ सर्वोच्च न्यायालयाने २०२०मध्ये मिटवला. अर्थात कागदावरची समानता घरात तशीच उतरते असं नाही. कोल्हापुरात बहीण भावासाठी हक्कसोडपत्र करते, तशी गोव्यातली बहीणही नोटरीपुढे जाऊन आपला हिस्सा सोडते.

हा नोटरी म्हणजे कोर्टाच्या फाटकाजवळ शिक्के मारणारा गृहस्थ नव्हे. गोव्यात मृत्युपत्र त्याच्याकडच्या सरकारी वहीत लिहिलं जातं. मजकूर गुप्त ठेवायचा असेल तर बंद मृत्युपत्राचाही मार्ग आहे. नवरा-बायकोने मिळून एकच मृत्युपत्र करायला मात्र मनाई आहे. वारस ठरवण्याचा दस्तही नोटरीकडेच होतो आणि त्याची जाहीर सूचना छापून येते.

वारसांचं एकमत झालं नाही की इन्व्हेंटरीचा दावा लागतो. ‘काबेसा द काझाल’, म्हणजे इस्टेट सांभाळणारा कुटुंबप्रमुख, बहुधा मागे राहिलेला जोडीदार, कोर्टापुढे मालमत्तेची यादी ठेवतो. आई-वडिलांनी हयातीत एखाद्या मुलाला दिलेली देणगीही हिशेबात धरली जाते. घर तोडून वाटता येत नाही, तेव्हा वारसांमध्येच बोली लागते. जास्त बोलणाऱ्याला घर मिळतं आणि आपल्या वाट्याहून जादा ठरलेली रक्कम त्याला इतरांना द्यावी लागते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, पण संहिता गेली नाही. १९६२च्या केंद्रीय कायद्याने जुने कायदे बदल होईपर्यंत चालू ठेवले. खुद्द पोर्तुगालने पुढे १९६६ साली नवी संहिता केली आणि सिआब्राची मोडीत काढली. गोव्यात मात्र हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळ्यांच्या वाटण्या तिच्याच चौकटीत होत राहिल्या. वारसा, नोटरी आणि इन्व्हेंटरी यांचे नियम राज्याने आपल्या कायद्यात बांधले, आणि तो २०१६च्या अखेरीस लागू झाला. राखीव अर्ध्या भागाचं तत्त्व त्यातही टिकलं.

पिढ्यान्‌पिढ्या नोकरीसाठी मुंबईला जाणाऱ्या गोवेकरांमुळे एक जुना पेच शिल्लक होता. गोव्यातल्या माणसाने मुंबईत घर घेतलं आणि मृत्युपत्राने एकालाच दिलं, तर त्या घराला कायदा कुठला? अशा एका दाव्यात सप्टेंबर २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की गोव्याचा अधिवासी असलेल्याची मालमत्ता भारतात कुठेही असो, तिच्यावर गोव्याचाच वारसा-कायदा चालेल. मुंबईच्या घराचाही हिशेब राखीव भाग काढूनच व्हायचा.

या निवाड्यानंतरही वकिलांचं काम हलकं झालेलं नाही. जुन्या घराचे वारस तिसऱ्या पिढीपर्यंत पसरलेले असतात. कुणी लिस्बनला, कुणी इंग्लंडमध्ये स्विंडनला, कुणी मुंबईत. मालमत्ता सामाईक, म्हणून विक्रीखतावर मुलांबरोबर सुनांच्या आणि जावयांच्याही सह्या लागतात. परदेशातून मुखत्यारपत्र मागवावं लागतं, वारलेल्या काकांच्या वारसांचा दस्त आधी करून घ्यावा लागतो, आणि एकाचीही सही अडली तर गिऱ्हाईक पुढच्या गावातलं घर बघायला निघून जातं.