लूपचा धागा

‘तांबी’ हा शब्द आपल्या घरांतून नेहमी दबक्या आवाजातच उच्चारला गेला. तांबे गुंडाळलेले हे साधन येण्यापूर्वी आपल्याकडे ‘लूप’ होता. त्याच्या इतिहासात आम्हांला सर्वांत लक्षणीय वाटतो तो त्याच्या टोकाचा नायलॉनचा धागा.

अमेरिकेतील बफेलो येथील डॉ. जॅक लिपीस यांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत प्लॅस्टिकचे हे नागमोडी साधन घडविले. ते जागेवर आहे की नाही हे कळावे आणि डॉक्टरांस ओढून काढता यावे, यासाठी धागा. पण जो धागा डॉक्टरांच्या चिमट्यास सापडतो तो बाईच्या बोटांसही सापडू शकतो, हे त्या वेळी फारसे कोणी ध्यानी घेतले नसावे.

१९६५ मध्ये, सुशीला नय्यर केंद्रीय आरोग्यमंत्री असताना, भारत सरकारने लूपची मोहीम हाती घेतली. कानपूरला कारखाना निघाला, उद्दिष्टे ठरली, बाईला घेऊन येणाऱ्यास पैसे मिळू लागले. १९६६-६७ मध्ये सुमारे ९ लाख लूप बसविले गेले. दोनच वर्षांत हा आकडा ५ लाखांच्याही खाली घसरला. रक्तस्राव, पोटदुखी, आणि मागाहून विचारपूस करावयास कोणी नाही. दोष पुष्कळदा ‘अफवां’वर घातला गेला. अफवा होत्याच, परंतु अंगावरून जाणारे रक्त ही अफवा नव्हे.

चीनने धाग्याचा प्रश्नच शिल्लक ठेवला नाही. तेथे सर्रास बसविल्या जाणाऱ्या पोलादी कडीला धागाच नसे. १९८० नंतरच्या दशकात एका मुलाच्या आईवर तिची सक्ती झाली; कडी जागेवर आहे ना, याची तपासणीही होई. चोरून काढून देणारा शिक्षेस पात्र ठरे. तरीही आकड्याने कडी ओढून देणारे लोक होतेच, आणि त्यात इजाही होत. २०१५ नंतर एकापत्य धोरण संपल्यावर सरकारने कडी मोफत काढून देण्याची सोय केली. बसविताना मात्र बाईला विचारले नव्हते!

अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, साधन काढून घेण्यास दवाखान्यात आलेल्या स्त्रियांना आधी स्वतःच प्रयत्न करून पाहण्यास सुचविले होते. ज्यांनी केला त्यांपैकी पाचांत एकीस ते साधले. धागा आखूड कापलेला असला तर तो बोटांस लागतच नाही. आणि तो किती राखायचा हे बसविणाराच ठरवितो.