सँड्स पॉइंट : वाड्यांच्या वनाचें लोकोद्यान

न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेस लाँग आयलंड नांवाचें लांबट बेट आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर, सँड्स पॉइंट येथें, नॅसॉ काउंटीचें, म्हणजे जिल्ह्यासारख्या एका विभागाचें, २१६ एकरांचें उद्यान आहे. दाट झाडी, तळें आणि समुद्राकांठचा कडा यांच्या सोबतीनें तेथील पायवाटा जातात. एके काळीं मात्र या भूमीवर धन्याच्या परवानगीवांचून कोणाचें पाऊल पडत नसे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं ही भूमि हॉवर्ड गूल्ड यानें घेतली. रेल्वेच्या व्यवहारांत अमाप द्रव्य मिळविणाऱ्या जे गूल्डचा हा पुत्र. आयर्लंडांतील किल्केनीच्या किल्ल्याचा नमुना समोर ठेवून त्यानें एक भव्य इमारत उभारली; ती अखेर तबेले व नोकरचाकर यांच्या वांट्यास गेली. धन्यासाठीं हेम्पस्टेड हाऊस हा निराळा प्रासाद १९१२ सालीं पुरा झाला. पांच वर्षें लोटतात न लोटतात तोंच, १९१७ सालीं, गूल्डनें ही मिळकत खाणी व धातूंच्या धंद्यांत धनाढ्य झालेल्या डॅनिएल गुगेनहाइम यास विकली.

या घराण्यामुळें जागेचा संबंध विमानविद्येशीं जडला. १९२६ सालीं डॅनिएलनें तिच्या उत्कर्षासाठीं २५ लाख डॉलरांचा निधि स्थापिला. त्याचा पुत्र हॅरी यानें १९२३ सालीं कड्यावर नॉर्मंडीच्या धर्तीचें फॅलेझ हें घर बांधलें होतें. १९२७ सालीं विमानानें एकट्यानें व वाटेंत न थांबतां अटलांटिक ओलांडणाऱ्या चार्ल्स लिंडबर्गनें त्या प्रवासावरील आपलें पुस्तक तेथेंच बसून लिहिलें.

१९३० सालीं डॅनिएल निवर्तला. त्याची पत्नी फ्लॉरेन्स हिनें तो अवाढव्य प्रासाद सोडून त्याच आवारांतील लहान घर पसंत केलें. १९४० सालीं युद्धामुळें इंग्लंडहून आलेल्या मुलांना प्रासादांत आश्रय मिळाला. १९४२ सालीं तो विमानशास्त्राच्या एका संस्थेस दान झाला. १९४६ ते १९६७ या काळांत तेथें अमेरिकन आरमाराचें शिक्षणसाधनांचें केंद्र होतें. १९७१ सालीं ही भूमि काउंटीकडे आली. त्याच वर्षीं हॅरी वारला आणि त्याच्या इच्छेनुसार फॅलेझही काउंटीस मिळालें.

या कथेंत औदार्य आहे, तशीच अपरिहार्यताही आहे. जो प्रासाद एका कुटुंबास झेपेना, तो अनेकांच्या उपयोगीं पडूं लागला तेव्हांच टिकला. धन्यांनीं दगड रचले ते आपलें नांव राहावें म्हणून. परंतु त्या दगडांभोंवतीं राखलेलें वनच आज अधिक मोलाचें ठरलें आहे.