बारा मुलाखतींचा दाखला

गुणात्मक संशोधनात, म्हणजे मोजमापापेक्षा माणसांच्या अनुभवांचा अर्थ लावण्यावर भर देणाऱ्या अभ्यासात, मुलाखती किती घ्याव्यात याचे उत्तर आज बहुधा आकड्यात मागितले जाते. पण ज्या संकल्पनेचा आधार घेऊन तो आकडा दिला जातो, ती मुळात संख्येची नव्हतीच. बार्नी ग्लेझर आणि अन्सेल्म स्ट्रॉस यांनी अमेरिकेतील रुग्णालयांत मरणासन्न रुग्णांविषयी केलेल्या अभ्यासानंतर, १९६७ मध्ये ‘द डिस्कव्हरी ऑफ ग्राउंडेड थिअरी’ या ग्रंथात ‘सैद्धांतिक संपृक्तता’ मांडली. आकार घेणाऱ्या सिद्धांतातील एखाद्या प्रवर्गात नव्या माहितीने काहीच भर पडेनाशी झाली, की तो प्रवर्ग संपृक्त झाला असे मानायचे; आणि पुढे कोणाला भेटायचे हे हाती आलेल्या माहितीवरूनच ठरत असल्याने, एकूण किती जणांना भेटणार हे आधी सांगण्याची सोयच त्या पद्धतीत नव्हती.

निधी देणाऱ्या संस्थांचे आणि नैतिकता समित्यांचे काम मात्र अशा उत्तरावर भागत नाही, कारण प्रस्तावात सहभागींची संख्या आणि खर्च आधीच लिहावा लागतो. ही अडचण ओळखून ग्रेग गेस्ट, आर्वेन बन्स आणि लॉरा जॉन्सन यांनी २००६ मध्ये घाना व नायजेरियातील स्त्रियांच्या ६० मुलाखती पुन्हा तपासल्या. लैंगिक वर्तनाविषयी स्त्रिया कितपत मोकळेपणाने सांगतात, हा त्या मुलाखतींचा विषय होता. आशयाच्या तुकड्यांना दिलेली नावे, म्हणजे ‘कोड’, दर सहा मुलाखतींनंतर मोजली असता घानातील मुलाखतींतून निघालेल्या १०९ पैकी ८० पहिल्या सहांत आणि १०० पहिल्या बारांत आढळली. सहभागी बरेचसे एकसारखे असावेत, प्रश्न सर्वांना तेच विचारलेले असावेत, या अटी लेखकांनीच घातल्या होत्या. उद्धृत करणाऱ्यांनी बहुधा बारा तेवढे उचलले.

सवयीचा जोर किती असतो हे २०१० मध्ये मार्क मेसन यांनी ५६० पीएच.डी. प्रबंधांच्या पाहणीतून दाखवले: मुलाखतींची सरासरी ३१ होती, आणि दहाच्या पटीतील संख्या योगायोगाने याव्यात त्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा आल्या होत्या. संपृक्तता अशी नेमकी दहाच्या पाढ्यात येत नसते. मोनिक हेनिंक आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये २५ मुलाखतींच्या आधारे आणखी एक भेद केला: नवे विषय निघणे नऊ मुलाखतींत थांबले, परंतु त्या विषयांचा अर्थ पुरता उलगडायला १६ ते २४ मुलाखती लागल्या. बाराचा दाखला देणाऱ्या प्रबंधाने यांपैकी कोणती संपृक्तता गाठली, हे परीक्षकाने विचारायलाच हवे.